ओठांना लावलेली पळी

"पाय का नको घालू, बाबा?"

महिपत एक पाय उचलून ओढ्याच्या काठाशी बगळ्यासारखा थांबला. मठात शिरायचं तर आधी ओढ्यात पाय धुवायचे, ही रीत. ती त्याला बाबांनीच शिकवलेली, आणि बारा वर्षं तो ती पाळत आला होता.

पलीकडच्या काठावर दौलतगीर बाबा उभे होते. हातातली काठी त्यांनी महिपतच्या छातीवर रोखली होती.

"मागं हो."

"अहो बाबा, मी महिपत."

"ओळखलं. म्हणून तर म्हणतो, मागं हो. अजून. त्या आपट्यापर्यंत जा."

महिपत आपट्याच्या झाडापर्यंत मागं गेला. मनात म्हणाला, म्हातारा चळला. ऐंशीच्या घरात गेलं माणूस की व्हायचंच असं.

अंगानं तो पार शिणला होता, पण मान ताठ होती. सतरा दिवस त्यानं टेकडीपलीकडची पाच गावं पायाखाली घातली होती. तिथं पटकी आली होती. सकाळी औत धरलेला माणूस दुपारी जुलाब-उलट्यांनी आडवा व्हायचा, डोळे खोल जायचे, आणि दिवस मावळायच्या आत त्याची तिरडी बांधायची वेळ यायची. सख्खे भाऊ उंबऱ्याबाहेरून हाक मारून पळत होते. अशा वेळी एकटा महिपत मठाच्या झऱ्याचं तीर्थ कमंडलूत घेऊन घरोघर शिरला. घाण बघितली नाही, वास बघितला नाही. लोकांनी त्याच्या पायांवर लोळण घेतली.

आपण मिरवायला आलो नाही, असं तो स्वतःला बजावत होता. पण बाबांनी एकदा 'शाबास' म्हणावं, एवढं मात्र त्याला हवं होतं. बारा वर्षांत बाबा ते एकदाही म्हणाले नव्हते.

"बाबा, झऱ्यावर कमंडलू भरून घेतो आणि निघतो. निमखेडीला जायचंय. येसूचा निरोप आलाय."

येसू त्याची धाकटी बहीण. आईबाप गेल्यावर जगात त्याचं म्हणावं असं तेवढंच एक माणूस. निमखेडी ओढ्याच्या खालच्या अंगाला, दोन कोसांवर. तिथं अजून पटकी पोचली नव्हती. येसू चार महिन्यांपूर्वी बाळंत झाली होती. तिनं सांगून पाठवलं होतं, दादा, ती बया आमच्याकडं यायच्या आधी तू ये. गावाला तीर्थ दे, आणि भाच्याचं तोंड बघून जा.

"जाऊन काय करणार?" बाबांनी विचारलं.

"काय म्हणजे? पाच गावांत केलं तेच."

"तेच म्हणजे काय, ते मला करून दाखव."

"इथं? कुणाला तीर्थ देऊ, झाडाला?"

"दगडांना दे."

आपट्याखाली नवसाचे दगड होते. ज्याचा नवस फळला, त्यानं एक गोटा चुन्यात बुडवून तिथं आणून ठेवायचा, अशी त्या मठाची चाल. असे पांढरेशुभ्र गोटे रांगेनं बसले होते, पंगतीला बसल्यासारखे.

बाबांनी मठाच्या ओट्यावरून गेरूचा एक खडा उचलला. गोसाव्याची वस्त्रं रंगवायची म्हणून तो तिथं कायमच पडलेला असे. त्यांनी तो ओढ्यावरून अलीकडं भिरकावला.

"पहिल्या दगडाला ओला करून फास. तो आजारी आहे असं समज."

महिपतला हसू आलं. "दगडाला पटकी लागली का, बाबा?"

"तुला काय करायचंय? तू तीर्थ दे."

कमंडलूत तळाशी थोडं पाणी उरलं होतं. त्यातले चार थेंब घेऊन महिपतनं पहिला दगड गेरूनं माखला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसला.

"आता हात पुढं कर, असं म्हणतोस त्याला?"

"तीर्थ हातावरच द्यायचं असतं, बाबा. पण त्यांचा हात उठत नव्हता हो." महिपतचा आवाज खाली आला. "म्हणून मी पळी ओठांना लावायचो. सावरदरीची एक म्हातारी... दातखीळ बसली होती तिची. पळी दातांवर घासून घासून चार थेंब आत सोडले तिच्या."

बाबांनी काठीनं दगडाकडं खूण केली.

"मग लाव," ते म्हणाले. "घासून लाव."

महिपतनं पळी दगडाला टेकवली, घासली, पाणी सोडलं. पळी परत कमंडलूत बुडवली.

"धुतली नाहीस."

"तीर्थाची पळी, बाबा. तिला कसलं उष्टं?"

"बरं. पुढचं घर."

दुसरा दगड झाला. तिसरा झाला. चौथ्याला महिपतचा हात जरा हळू झाला. पांढऱ्या दगडावर पळी टेकली तिथं तांबूस लागलं होतं. फार नाही, पान खाल्लेल्या माणसाच्या ओठांना असतं तेवढंच.

त्यानं कमंडलूत डोकावून बघितलं.

"थांबलास का? पंगत उपाशी बसलीय."

पाचवा. सहावा. सातवा.

"आता हे पुढचे धडधाकट आहेत," बाबा म्हणाले. "यांना काही झालेलं नाही. यांना?"

"त्यांनाही देतो... आधीच दिलं म्हणजे येत नाही."

"दे की मग."

आठवा तांबूस झाला. नववाही झाला.

"तीर्थ संपत आलं म्हणजे?"

"संपू द्यायचं नाही. त्यात विहिरीचं पाणी घालायचं... तीर्थात मिसळलं की सगळं तीर्थच होतं."

"आणि गाव बदलताना उरलेलं?"

महिपतनं पळी खाली ठेवली.

"अरे, उरलेलं काय करतोस?"

"पुढच्या गावाच्या विहिरीत..." त्यानं कमंडलू जवळ ओढला. "विहिरीत ओततो. सगळ्या गावाला मिळावं म्हणून."

"ओत."

दगडांच्या रांगेच्या टोकाला कातळात एक खळगा होता. बाबा त्यात पाखरांसाठी पाणी भरून ठेवत. तळाचा खडा न् खडा दिसावा असं निवळ पाणी. महिपतनं त्यात कमंडलू उपडा केला. आधी एक तांबडी शेपटी खाली गेली. मग ती धुरासारखी पसरली. तळ दिसेनासा झाला.

आपट्यावरचं एक पाखरू खाली उतरलं, पाण्याशी आलं आणि न पिताच उडून गेलं.

"पुढचं गाव कुठलं म्हणालास?"

महिपतनं ओढ्याकडं बघितलं. ओढा खळखळत खाली चालला होता, निमखेडीच्या पाणवठ्याकडं. आणि काठच्या चिखलात त्याच्या मघाच्या पावलाचा ठसा उमटलेला होता, पाण्यापासून वीतभर अलीकडं.



त्याला एकेक गाव आठवायला लागलं. सावरदरीला पटकी आधीपासून होती, ते खरं. पण तळेखांबला तो गेला तेव्हा तिथं एकच घर आडवं झालेलं होतं. तिसऱ्या दिवशी अर्धं गाव. पुढच्या गावात तर तो पोचला तेव्हा पोरं झाडाखाली सूरपारंब्या खेळत होती. लोकांनी वाजतगाजत नेलं होतं त्याला विहिरीवर. मग दोन दिवसांनी... लोक म्हणाले, महाराज आले म्हणून बरं झालं, नाहीतर एक माणूस उरता ना.

"मला वाटत होतं, मी पटकीच्या मागं धावतोय," तो पुटपुटला. "ती तर माझ्याच..."

त्यानं पलीकडं बघितलं.

"बाबा, माझ्या हातून किती गेले?"

बाबा वाहत्या पाण्याकडं बघत राहिले.

"मग पाणी पाजायचंच नव्हतं का मी? तडफडत होते ते, बाबा. जीभ बाहेर काढून तडफडत होते."

"पाजायचं होतं. उकळून. आणि पळी त्यांच्याच घरात ठेवून यायची."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारायला थांबला होतास?" बाबा म्हणाले. मग त्यांनी काठी खाली घेतली. "मला वाटलं, हातावर देशील. ती माझी चूक. काल एक धनगर इथून गेला. म्हणाला, काय देवमाणूस आहे तुमचा शिष्य, पळी ओठांना लावून पाजतो. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या."

वारा आला आणि गेला. दोघांच्या मधून ओढा वाहत राहिला.

मग बाबा वळले आणि मठात गेले. झऱ्याच्या तोंडाशी, जिथं ओढा एका पावलात ओलांडता येतो, तिथून ते अलीकडं आले आणि एका कातळावर एकेक वस्तू ठेवत गेले. मडकं. जोंधळ्याचं पीठ. मीठ. गुळाची ढेप. चुन्याची पाटी. चकमक. एक कोरं धोतर. ठेवून मागं सरकले.

"टेकडीवरच्या खोपटात राहायचं. एकवीस दिवस. ओढ्याकडं उतरायचं नाही. झऱ्याला पन्हळ लावून देतो, पाणी तुझ्या बाजूला पडेल. मडकं पन्हळीला टेकवायचं नाही, खाली धरायचं. उकळल्याशिवाय घोटभरही प्यायचं नाही. अंगावरचं सगळं जाळ. कमंडलू आणि पळी आधी खळखळा उकळ, मग चुन्यात पुरून ठेव. या खळग्यातही चुना टाक. बहिर्दिशेला जाशील तिथं खड्डा कर, वर चुना, वर माती. आणि पोटात कळ आली तर उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-गूळ घालून पीत राहा. कितीही गेलं तरी पीत राहा."

"आणि तुम्ही?"

"मी पाच गावांना."

"मी येतो बाबा. मला ओळखतात लोक. माझं ऐकतील."

"म्हणून तर नको."

"मग मी नुसता बसून राहू? तिकडं माणसं मरतायत आणि मी..."

बाबा निघालेच होते. मागं न बघता म्हणाले,

"पाच गावं हिंडलास, ते सोपं होतं. आता न हलून दाखव."

आणि म्हातारा काठी टेकत टेकडीपलीकडं उतरला.

खोपट कधीकाळी कुणा मेंढपाळानं बांधलेलं. आत आडवं झालं की पाय बाहेर. महिपतनं अंगावरची वस्त्रं जाळली. लोक ज्यांना कपाळ लावत होते ती. धूर निघाला, राख झाली, संपलं.

बोलायला कुणी नाही. पहिल्या दिवशी त्यानं नामस्मरण केलं. दुसऱ्या दिवशी नाम तोंडात आलं की त्याच्यामागून सावरदरीच्या म्हातारीचे ओठ यायचे. मग त्यानं नाम सोडून दिलं आणि संध्याकाळी टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसला.

तिथून सगळा मुलूख दिसायचा. एका अंगाला ती पाच गावं, दुसऱ्या अंगाला लांब खाली निमखेडी. माणसं दिसायची नाहीत एवढ्या लांबून. दिसायचा तो चुलींचा धूर. ज्या घरात रांधणारं कुणीतरी उठून बसलेलं आहे, त्या घराची चूल पेटायची. बाकीची घरं नुसती काळी.

सावरदरीत अकरा धूर निघाले त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी नऊ. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा नऊ, आणि त्या नवांच्या मधोमध, विहिरीच्या बाजूला, एक जाडजूड काळा धूर.

एवढी मोठी चूल कुणाची, त्याला कळेना. मग कळलं.

म्हाताऱ्यानं विहिरीवर कढई चढवली होती.

लोकांनी पुढं सांगितलं ते असं. बाबा गावात शिरले ते रिकाम्या हातांनी. लोक म्हणाले, तीर्थ कुठाय? बाबा म्हणाले, लाकडं आणा. त्यांनी विहिरीचा दोर कापून टाकला. नवा दोर, नवा पोहरा, आणि पोहऱ्याला हात लावणारा एकच माणूस. तो माणूस कुणाच्या घरात जाणार नाही. घरात जाणारा विहिरीवर येणार नाही. पाणी उकळल्याशिवाय विहिरीवरून हलणार नाही. ज्याचं भांडं त्यानं आणायचं, न्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही. घाण पुरायची, वर चुना टाकायचा. बाया चिडल्या. म्हणाल्या, तो तरणा महाराज किती मायाळू, तोंडात तीर्थ घालायचा. हा थेरडा आम्हाला नुसतं ऊन पाणी देतो. त्यांनी बाबांचं नावच ऊनपाणी बाबा ठेवलं. एकीनं तर शेणाचा गोळा फेकून मारला. बाबा म्हणाले, शेण नीट थापून वाळव माय, जाळायला लागेल.

यातलं महिपतला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. त्याला धूर तेवढा दिसत होता.

पाचव्या दिवशी त्याच्या पोटात कळ आली.

दुपारपर्यंत पाय गळाले. मडक्यात पाणी होतं, मीठ होतं, गूळ होता, सगळं हाताच्या अंतरावर. आणि हात उठत नव्हता. त्यानं मान वळवून खोपटाच्या दाराकडं बघितलं. उन्हात एक सरडा बसला होता. बाकी कुणी नाही. कुणीतरी यावं, मानेखाली हात घालावा, ओठांना पळी लावावी... त्याला रडू आलं, पण डोळ्यांत पाणीच उरलं नव्हतं.

त्यानं कूस बदलली, मडकं कलंडवलं आणि मातीत सांडलं त्यातलंही तोंडात गेलं. मग कोपरावर उठला. मग घोट. मग उलटी. मग पुन्हा घोट. बाबांचं तेवढंच वाक्य त्यानं धरून ठेवलं. कितीही गेलं तरी पीत राहा.

दोन दिवसांनी तो उठून बसला. आरशात बघितलं असतं तर स्वतःला ओळखलं नसतं.

आठव्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडून हाक आली.

"दादा! ए दादा!"

येसू होती. कडेवर पोर, डोक्यावर टोपली, पदर खोचलेला. दोन कोस चालत आली होती. महिपत खोपटातून बाहेर आला आणि धडपडत खाली आला, तो आपट्यापाशी येऊन थांबला.

"अगं बाई! काय रे हा हाडांचा सापळा? कुणी खायला घालत नाही का तुला?" येसू पलीकडून ओरडली. "निरोपावर निरोप धाडले. शेवटी म्हटलं, महाराज काही यायचे नाहीत, आपणच जावं दर्शनाला. बघ, भाचा बघ! नाक थेट आपल्या आईचं."

तिनं पोर दोन्ही हातांनी वर धरलं. उन्हात ते मिचमिच करत होतं. महिपतनं नाक बघायचा प्रयत्न केला. एवढ्या लांबून दिसलं नाही.

"येसू, तिथंच थांब."

"थांबू कशाला? टोपलीत पुरणाच्या पोळ्या आहेत. गार होतायत."

"येऊ नको म्हणतो ना!"

"का रे? मला विटाळ आहे का पोराला? सव्वा महिना कधीच झाला. मोठा सोवळ्यातला लागून गेलास!" ती हसत होती. हसत हसतच तिनं लुगडं घोट्यापर्यंत उचललं आणि ओढ्यात पाय घातला.

"येसू, माझ्याजवळ आजार आहे! मागं फीर!"

"असू दे. आजारी भावाला टाकून जाऊ? मी काय सावरदरीची आहे, पळून जायला?"

ती अर्ध्या ओढ्यात आली. पोर पाण्याकडं बघून खिदळायला लागलं.

महिपतनं खाली वाकून हाताला लागेल ते उचललं आणि फेकलं. ढेकूळ होतं ते, पण त्यात दगड होता. येसूच्या पायाशी पाणी उसळलं. तिनं घोटा धरला. पोरानं भोकाड पसरलं.

येसू तशीच उभी राहिली. चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही लगेच, त्याला जायला जरा वेळ लागला.

"दगड मारलास, दादा?"

महिपतनं दुसरं ढेकूळ उचललं होतं.

"माहेर म्हणून तू एवढाच होतास रे मला," ती म्हणाली. ओरडून नाही, हळूच. पण ओढ्यावरून ऐकू आलं. ती वळली. काठावर टोपली आपटली आणि लंगडत चालायला लागली.

"येसू! गावाला सांग, पाणी उकळून प्या! वरच्या गावचं माणूस विहिरीवर येऊ देऊ नका! इकडं कुणी फिरकू नका! येसू, ऐकतेस का?"

तिनं मागं वळून बघितलं नाही. ऐकलं की नाही, देव जाणे.

टोपली पलीकडच्या काठावर पडून होती. मधून ओढा, आणि ओढ्यात पाय घालायचा नाही. दुपारी कावळे जमले. महिपत अलीकडं बसून ते पुरणपोळ्या खाताना बघत राहिला. टोपली रिकामी होईपर्यंत उठला नाही.

बाबा आले ते पंधराव्या दिवशी. वाळून काटकी झालेले, दाढीत राख. मठाकडं गेले नाहीत. खोपटापासून शंभर पावलांवर एका बाभळीखाली त्यांनी काठी टाकली आणि तिथंच बसले.

"बाबा, इकडं या ना. सावली आहे."

"तिथंच बस. माझे एकवीस आजपासून."

मग दोन माणसं एका टेकडीवर, दोन झाडांखाली. एकमेकांना दिसत होती, हाक मारली तर ऐकू येत होती. बहुतेक वेळ कुणी हाक मारली नाही.

महिपतचे एकवीस संपले त्या संध्याकाळी तो म्हणाला,

"बाबा, येसूला मी दगड मारला."

बाभळीखालून आवाज आला,

"लागला?"

"घोट्याला."

"...मोठी होती का जखम?"

"नाही. पण परत बघायची नाही ती माझ्याकडं."

"हं."

एवढंच.

पटकी ओसरली. आपसूक जावी तशी गेली, असं लोकांना वाटलं. पाच गावांनी मिळून मरीआईचा गाडा सजवला. हिरवं लुगडं, खण, लिंबं, नैवेद्य. रोगराई त्या गाड्यात बसवायची आणि वाजतगाजत गावाच्या शिवेपलीकडं ढकलून द्यायची, अशी तिकडची चाल. तो गाडा निमखेडीच्या शिवेवर आला, तर निमखेडीकर काठ्या घेऊन आडवे उभे. म्हणाले, तुमच्याकडचं काही आत यायचं नाही. येसूनं घरी जाऊन आकांत केला होता, माझ्या भावाला वेड लागलंय, तो दगड मारतो, त्या मठाकडं आणि त्या पाच गावांकडं आपलं कुणी जायचं नाही, त्यांचं कुणी इकडं यायचं नाही. तिच्या नवऱ्यानं मनावर घेतलं, गावानं घेतलं. महिनाभर शीव बंद होती. निमखेडीत एक माणूस दगावला नाही. गाव सांगतं, आम्ही मरीआईचा गाडा शिवेवरून परतवला म्हणून वाचलो. आणि मरीआईचं नवं देऊळ बांधलं त्यांनी.

वर्ष गेलं. येसूच्या पोराचं जावळ काढलं, मामाला बोलावणं नाही. दिवाळी आली, भाऊबीज झाली, ताट आलं नाही. पाच गावांत तर महिपत स्वतःच जात नव्हता. तिथल्या बाया अजून त्याची आठवण काढत, असा मायाळू महाराज पुन्हा व्हायचा नाही म्हणत. जिथं लोक पाया पडायला बघत होते तिथं त्याला तोंड दाखवता येत नव्हतं, आणि जिथं तोंड दाखवायला काही अडचण नव्हती तिथं त्याला दारात कुणी उभं करत नव्हतं.

भाऊबिजेच्या दिवशी उन्हं कलली तेव्हा तो मठाच्या ओट्यावर बसला होता. चुलीवर प्यायच्या पाण्याला आधण येत होतं. बाबा पळी धूत होते. तीच पळी.

"बाबा."

"हं."

"तेव्हा मी एक विचारलं होतं. तुम्ही बोलला नाहीत. माझ्या हातून किती गेले?"

बाबा पळी धूत राहिले.

"पाच गावांत ज्यांची माणसं मारली, ते मला देव मानतात," महिपत म्हणाला. "आणि निमखेडीत... दोनशे माणसं आहेत तिथं. एकालाही माझं नाव नको आहे. माझी एकुलती एक बहीण, बाबा. तिचं पोर आता चालत असेल. मी त्याचं नाकसुद्धा बघितलेलं नाही."

त्यानं चुलीत एक काटकी सारली.

"मी काय केलं, ते कुणाला कळणारच नाही का? कधीच?"

आधण खळखळायला लागलं. बाबांनी धुतलेली पळी उन्हात उपडी घातली, हात पुसले आणि टेकडीकडं बघितलं. दिवस तिच्या माथ्याला टेकला होता.

"ऊठ, माथ्यावर जा," ते म्हणाले. "निमखेडीत किती चुली पेटल्यात, तेवढं मोजून ये."